जर्मन

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणायचे.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
जर्मनच्या पातेल्यात आमटी ठेवू नये,
चिंच त्याला खाते. एवढंच शास्त्र.

ग्लासगोत, केल्विन नदीच्या काठी,
पिवळ्या दिव्यांच्या खोलीत
मी तोच जर्मन वितळवते
निर्वात घुमटात, इलेक्ट्रॉनच्या झोताखाली.
वाफ नाकासमोर वर जाते
आणि नीलमच्या चकतीवर बसते.
नीलम, हो. शनीचा खडा.
कुणाला लाभतो, कुणाला नाही,
इथेही अगदी तसंच.

चकतीवर रेझिस्टचा एक पूल,
केसाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढा,
खाली काही नाही.
चकती एका अंगाला कलते, पहिला थर.
मग वाफ थांबवून आत थोडा ऑक्सिजन सोडायचा
आणि गप्प बसायचं.
मग दुसऱ्या अंगाला. पुलाच्या सावलीत
नवा थर जुन्याच्या कडेवर चढतो.
मधे उरतो गंज,
पाचसहा अणूंचा.
लोक गंज खरवडून काढतात,
आम्ही तो घड्याळ लावून चढवतो.
इलेक्ट्रॉनच्या जोड्या त्यातूनच पलीकडे जातात,
भिंतीला ओरखडाही न काढता.

इशबेल एकतीस वर्षं या यंत्रापाशी.
पंप रुसलाय हे तिला जिन्यातूनच कळतं.
तिने शिकवलं : अत्तर नको, पावडर नको,
आणि नको असलेला धातू सॉल्व्हंटात सुटू लागला
की हात आवरायचा,
तो दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो,
ओढलास तर सगळंच येईल.

नोव्हेंबरात, एकेचाळिसाव्या चकतीला,
ऑक्सिजन सोडला आणि आगीची घंटा वाजली.
तळमजल्यावर रुआरीने पाव करपवला होता.
आम्ही पांढऱ्या झग्यांसकट पार्किंगमध्ये,
बसमधली पोरं हात हलवत होती.
दहा मिनिटांची सत्तेचाळीस झाली.
आत गंज जाड होत राहिला.

टाकून द्या, असं ठरलं.
इशबेल म्हणाली, तारा तरी जोडून बघू.
शीतयंत्र गार व्हायला दोन दिवस लागले.
तिथली थंडी याच नदीच्या नावाने मोजतात,
एका केल्विनचे शंभर भाग, त्यातला एक.
नदी खिडकीबाहेर, तपकिरी, फेसाळ,
तिला काय त्याचं.

वारंवारता पाच मागितली होती, आली चार.
पण अवस्था टिकली.
सेकंदाचे दहा हजार तुकडे केले
तर त्यातले तीन.
रुआरीने आकडा पुन्हा मोजला, मग पुन्हा,
मग खुर्चीत बसला.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या चार चकत्यांना
मुद्दाम सत्तेचाळीस मिनिटं दिली.
एकही लागली नाही.
रुआरी पाव करपवायलाही तयार होता.

एकेचाळीस नंबर आता नायट्रोजनच्या कपाटात.
सांधा तिथेही म्हातारा होतोच,
दर महिन्याला रोध किंचित वाढतो.
पेन्सिल चालत नाही त्या खोलीत, भुकटी पडते,
म्हणून डबीवर, तारखेखाली,
पेनाने लिहिलंय मी बारीक अक्षरांत.
इशबेलने विचारलं, काय गं हे?
म्हटलं, सूचना आहे.

आमटी ठेवू नये.