खोली क्रमांक चारशे सात, जालना रोड

खलीलभाईनं पास दिला म्हणून आलो.
सोफ्यावर मधोमध बसवलं मला,
आवाज म्हणे इथंच जुळतो.
वायरीची किंमत विचारली नाही.

सारंगी लागली. गज फिरायच्या आधी
वाजवणाऱ्यानं श्वास घेतला नाकानं,
डावीकडं, जरासा मागं.
दुसऱ्या तबकडीत झांज:
धार आहे, टोचत नाही.

"कसं वाटलं, काका?"

जिंतूरला एकतीस वर्षं
फाटके कोन चिकटवले मी.
दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, कान लावायचा,
कॉइल घासायलीय का कुठं.

उठलो. अंगठे जाळीपर्यंत गेले,
पोरगं दचकलं.

"घासत नाही," म्हणलं.
"तेवढा एसी बंद कर बाबा,
सारंगी काळी दोन,
अन् तो मघापासून अर्धा स्वर चढाच घुमायलाय."