नक्कल

तेहतीस वर्षं नोटप्रेसमध्ये
माझं काम एवढंच: चुकलेली शीट बाजूला काढायची.
शाई केसभर सरकली, की रद्द.

आता नाशिकरोडच्या गच्चीवर अळशीच्या तेलाचा वास,
आणि कॅलेंडरातून कापलेला परदेशी म्हातारा,
चारशे वर्षांपूर्वीचा, बटाट्यासारख्या नाकाचा.
पुंडेबाई म्हणतात, आधी सावली बघा,
माणूस मागून येतो.
पांढरा शेवटी. तोही चिमूटभर.

नाक जमलं दिवाळीपर्यंत.
डावा डोळा मात्र
तीनदा पुसला टर्पेंटाइननं, तरी तसाच उतरतो:
खालची पापणी जराशी ओली, सैल,
माझ्या बापाची.
त्याचा एकही फोटो नाही कुणाकडे.

खालून भगूरची बस जाते. ईझल थरथरतं.
चिंधी खाली ठेवतो.

बाई, शीट चुकलीय.
असू द्या.