जाताना मात्र

सेक्टर संपतो, रस्ता एकदम आखडतो,
तिथून करावे गाव.
मढवींचं घर विचारलं, तर एका मुलीनं
केसांतला कंगवा न काढता
हनुवटीनंच जिना दाखवला.

दुसरा मजला. गुंडाळलेली जाळी,
जाळीवर प्रिंटरचा खोका.
बाळारामकाका म्हणाले,
"मशीनला इसरायचा रोग झालाय, पोरी.
रोज सकाळी इचारतंय, पासवर्ड सांग.
'लक्षात ठेवा'वर खूण करतो,
करतो म्हणजे, बोट दुखेस्तवर दाबतो.
दुसऱ्या दिवशी परत
जशी काय वळखच नाय."
आठ महिने असं चाललेलं.
साडेबारा टक्क्यांच्या खिडकीवर पण हेच, म्हणाले,
फक्त तिथं बसायला खुर्ची नसते.

मी कामाला लागले.
जतन केलेल्यांची यादी उघडली: रिकामी.
त्यांना म्हटलं, आता घाला.
एका बोटानं घातला, आणि घालताना
प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हटलं.
यादीत उमटला.
प्रोग्राम बंद केला, उघडला. आहे.
मशीन बंद केलं, उघडलं. आहे.
फोल्डरला कुलूप नाही, डिस्कवर जागा भरपूर,
किल्लीची फाइल ठणठणीत,
पण आजच जन्मलेली.
मग कालची कुठे गेली?
परवाची?

मशीन रात्री बंद करता का, काका?
"नाय. पत्र रातचं पण येल."

पासवर्ड काय होता ते मी लिहिणार नाही.
गिऱ्हाइकाचा आहे.
एवढंच, की ते एका खाजणीचं नाव होतं
आणि पुढे तिच्या बांधाची लांबी,
हातांत मोजलेली.
हे नाव कुठल्या नकाशात सापडायचं नाही, काका,
भक्कम आहे, मी म्हणाले.
धंद्याची सवय.
म्हणाल्यावर जीभ चावली.

घड्याळाशेजारी, अगदी कोपऱ्यात,
एक निळा झाडू होता.
भाच्यानं बसवलेला, निशांतनं,
मशीन जड चालतं म्हणून.
पहाटे तीनला उठायचा, सगळं झाडायचा:
पाहिलेली पानं, अर्धवट फॉर्म,
जतन केलेले पासवर्ड.
वर पाटी: अनावश्यक गोष्टी.

"अनावश्यक कोणी ठरवलं?"

खुणा आधीच केलेल्या असतात, काका.
आपण फक्त 'पुढे' दाबायचं असतं.

"आमच्या बापानं पण 'पुढे'च दाबलेला," काका म्हणाले,
अंगठा वर करून दाखवला,
आणि चहा झाला का ते बघायला आत गेले.

झाडूला एक खोली वर्ज्य केली.
उद्या तीन वाजता तो येईल,
उंबऱ्यावरून परत जाईल.
मग उरलं दुसरं दार.
बघा, दोन असतात, मी कपबशी सरकवत म्हटलं,
एक येणाऱ्या पत्रांचं, एक जाणाऱ्यांचं.
दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं.
येणाऱ्याचं झालंय, आता ह्याच्यावर पण खूण...

त्यांनी माउसवर तळवा ठेवला.
मीठ वेचून जाड झालेला तळवा,
खाली माउस दिसेनासा झाला.
"ह्याला नको.
येतंय ते येव दे.
जाताना मात्र इचारू दे."

दर वेळेला?
रोज किती पत्रं पाठवता तुम्ही!

"दर टायमाला.
एकदा न इचारता गेलंय हितून."

मग मी काही बोलले नाही.
त्यांनी एक पत्र पाठवून बघितलं,
नेहमीच्याच कचेरीला, सातबारा जोडून.
चौकट आली. पासवर्ड?
काकांनी चष्मा सारखा केला,
खाजणीचं नाव घेतलं, मग बांध मोजला
शेवटच्या हातापर्यंत,
आणि पत्र गेलं.

तीनशे रुपये. वर पिशवीभर सुका जवळा,
नको नको म्हणताना हातात आलेला.
माझ्या पावतीवर खाली एक रकाना आहे:
काम पूर्ण / अपूर्ण.
जिन्यात उभी राहून
थोडा वेळ पेन धरलं त्यावर.
मग तसाच कोरा ठेवून
पावती दाराखालून आत सरकवली.