लोकरीचा काटा

माझ्याकडे दोन काटे आहेत.
लहान काट्याच्या पत्र्यात गावची बाळं रडतात.
मोठा आहे लोकरीच्या गोदामातला;
मेंढ्या विकल्या, गोदामाला कुलूप लागलं,
काटा बर्फावरून ओढत दवाखान्यात आणला
आणि तो माणसं मोजायला लागला.
शेगडी तापली की अजून त्याला मेंढरांचा वास सुटतो.

गुरुवारी पहाटे कलमुर्झा आला,
नातवाचं वजन करायला मला न्यायला, घोडा दारात.
पण आधी स्वतःच चढला काट्यावर
बुटांसकट, नेहमीसारखा.
सोमवारी एकाहत्तर. आज चौऱ्याहत्तर.
दांडीवरचं वजन मागेपुढे सरकवून मी पुन्हा पाहिलं.
"नातू झाला, मेंढी कापली," तो हसला,
"अंगी लागतंय.
पोरं म्हणायची, म्हातारा वाळत चाललाय."
हसता हसता मध्येच थांबून त्यानं श्वास घेतला.
मी वहीत आकडा लिहिला.
तेवढंच केलं.

इथं चाळीस दिवस बाळ उंबरा ओलांडत नाही,
म्हणून उंबरा मी ओलांडते
लहान काटा पाठीला बांधून.
खिंडीखालच्या चढावर त्याची धाप
घोड्याच्या धापेत मिसळून गेली.

सालकिन भिंतीकडे तोंड करून निजलेली.
पाच दिवसांचं बाळ पत्र्यात ठेवलं.
जन्मलं तेव्हा तीन किलो चारशे,
आता तीन किलो दोनशे.
"दूधच पातळ हिचं," सासू ऊलकान म्हणाली.
शेजारणीला दृष्टीची शंका,
ती नावं घ्यायला लागली तशी मी तिला चहा टाकायला पाठवलं.

ओले लंगोट मोजले. सहा.
बाळ छातीशी लावून घेतलं, जबडा हलताना पाहिला,
कान जवळ नेऊन गिळण्याचा आवाज ऐकला.
अगं, म्हटलं, हा प्रवासाचं पाणी बांधून आला होता,
पोचला, आता सांडून टाकतोय.
आठवड्या-दोन आठवड्यांत भरून काढेल.
मग बघ बाळसं कसं धरतं:
आधी गालांवर,
मग मनगटाला दोरा बांधल्यागत वळी,
आणि मांड्या तर विचारूच नकोस.
ती या कुशीला वळली.

तेव्हा दाराशी गलका झाला.
कलमुर्झाचा बूट निघत नव्हता.
मुलगा टाच धरून ओढतोय,
दोघंही हसून बेजार:
"पायसुद्धा बाळसेदार झालेत आताच्या आता!"

मी गुडघ्यांवर बसले. कात्री मागितली.
नमद्याचा बूट घोट्यापासून वर कापत नेला,
ऊलकान ओरडत राहिली, नवा आहे, नवा आहे.
नडगीवर अंगठा दाबून उचलला.
खळगा तसाच राहिला
मळलेल्या कणकेत राहतो तसा.
मी दहा मोजले. वीस मोजले.
कुणी हसत नव्हतं.

त्या घरात हसू एकासाठी होतं, रडू दुसऱ्यासाठी.
मी फक्त त्यांची अदलाबदल केली.
दुपारी शेजाऱ्याच्या गाडीतून म्हाताऱ्याला
नारीनच्या इस्पितळात धाडलं,
बसवून, उशांना टेकवून, आडवा न करता.

तीन आठवड्यांनी परतला. अडुसष्ट.
गाव हळहळलं, आटला बिचारा.
तो मात्र चढ एका दमात चढून आला होता
आणि कापलेल्या बुटाचे पैसे मागत होता.

परवा दवाखाना बंद केल्यावर
मी एकटीच लोकरीच्या काट्यावर उभी राहिले.
चार वर्षांत नऊ किलो.
पाळी गेली, सिगारेट सुटली,
एकटीनं जेवताना पाव कधी संपतो कळत नाही.
नडगीवर अंगठा दाबला. उचलला.
खळगा नाही.
म्हणजे हे पाणी नव्हे, मीच आहे.

वहीत माझ्या नावाचं पान नाही.
शेगडी विझत आली होती,
काट्याला मेंढरांचा वास येत होता.