समास

रुवीत, हमरियाच्या चौकामागे,
दुसरा मजला, लिफ्ट बंद,
दोन लोखंडी कपाटं आणि चारशे अकरा पुस्तकं.
शुक्रवारी चार ते सात.
पुस्तकामागे दोनशे बैसा.
दारावर एकच नियम चिकटवला होता:
पुस्तकात काहीही लिहू नये.

महिन्यातच मोडला.
मोडणारे टिपणीस. आडनावाला जागले.
कादंबरीचं अठ्ठेचाळिसावं पान, समासात, शिसपेन्सिलीने:
"डिसेंबरात फणस पिकले? लेखक कोकणात गेलाय का कधी?"
मी खोडरबर उचललं
आणि तसंच धरून बसले.
बरोबर होतं त्यांचं.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
"गेला असेल. मे महिन्यात."

पुढच्या शुक्रवारी साडेतीनलाच जिन्यात उभे,
ते पान आधी बघायला.

मग नियम बदलला. लिहा, पण पेन्सिलीनेच.
पेन्सिली मी ठेवल्या, दोऱ्याने बांधून.

सिसिलिया लोपीस, वसईची, कायम रात्रपाळी.
ती फक्त वेळ लिहायची:
"३.१०. वॉर्ड शांत."
"४.२५. इथे रडले. सात नंबरने पाणी मागितलं."
शकील परकार, सोहारच्या बंदरात क्रेनवर,
महिन्यातून एकदा येणार:
"समुद्र असा नसतो."
सात पुस्तकांत सात वेळा, एवढंच.
आठव्यात: "असा असतो."
मी त्या पानावर खूण घालून ठेवली.

रबर लागलंच.
रहस्यकथेच्या नवव्या पानावर कुणी खुन्याचं नाव लिहिलं.
खोडलं, पण दाबून लिहिलेलं,
पान तिरकं धरलं की ठसा वाचता येई.
मग उरलेल्या चारही जणांची नावं
मीच तिथे लिहिली,
प्रत्येकापुढे: "हाच."

आणि एकदा, घाटपांडेबाईंच्या ओळीखाली
कुणी त्यांच्या नवऱ्याच्या गेलेल्या नोकरीवर लिहिलं.
ते मी उभ्याउभ्याच घासलं, कागद फाटेपर्यंत.
अक्षर ओळखीचं होतं.
त्याला पुस्तक देणं थांबवलं नाही,
पेन्सिल तेवढी पुढे केली नाही.
तीन शुक्रवार नुसता वाचून गेला.
चौथ्यांदा पुस्तक परत आलं तेव्हा
फाटल्या जागी चिकटपट्टी होती, नीट, सुरकुती न पाडता.

शाळेत समास शिकले होते:
मधलं काही गळतं, दोन शब्द एकत्र नांदतात.
इथला समास पानाच्या कडेचा.
गळायला कोणी तयार नसतं.

मंडळाचे अध्यक्ष विचारतात,
बाई, तुमची माणसं टिकतात कशी?
आमचा क्रिकेटचा संघ सहा महिन्यांत फुटतो.
मी म्हणते, चहा देते.
चहा मी कधीच दिला नाही.
खुर्च्या तीन, तिन्हींवर पुस्तकं.

टिपणीस जूनमध्ये गेले.
बताका परत केला, एकवीस वर्षं खोक्यांत भरली.
निरोपाला आले ते पुस्तक मागायला नाही.
"जरा रबर द्या. काही ठिकाणी जास्तच बोललो."
मी म्हटलं, संपलंय.
माझ्या मुठीतच होतं.

परवा एक नवा मुलगा, सुयोग शिंत्रे, आजऱ्याचा,
पान अठ्ठेचाळीस उघडून दारात उभा:
"हे टिपणीस कधी येतात? भांडायचंय.
आमच्या परड्यात एक फणस आहे, नाताळात पिकतो."
म्हटलं, लिही ना.
तो जागा शोधत राहिला. कड भरली होती,
माझं बारीक अक्षर, वर सिसिलियाचे दोन वाजून वीस.
शेवटी पुस्तक आडवं केलं
आणि ओळींच्या मधून लिहू लागला,
जिभेचं टोक दातांत धरून.
सात वाजून गेले.

रात्री त्या पानाचा फोटो काढला, रोह्याला धाडायला.
फणस पुसट दिसत होता.
दिवा जवळ ओढून पुन्हा काढला.