सहभागी क्रमांक एक्केचाळीस

लहू कोंढरे, वय एकसष्ट.
महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं चावीवाले.
सांधेवात अकरा वर्षं. सकाळी बोटं उघडायला
चहा दोनदा गरम करावा लागतो, म्हणाले.
मी फॉर्मवर लिहिलं: चाळीस मिनिटं.

रास्ता पेठेत, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत
आम्ही एक जुनी गोळी नव्याने तपासतोय.
स्वस्त, संधिरोगावरची, कळलावीच्या बियांतून निघालेली.
सांध्यांतला दाह रक्तवाहिन्यांत उतरतो,
तो हिने निवतो का, एवढंच विचारायचंय.
निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत साखर.
कुणाची कुठली, मलाही ठाऊक नाही,
बागवान मॅडमनाही.

मॅडम समजावत होत्या:
काका, पाइपाला आतून गंज चढतो ना, तसं.
नाही हो, ते म्हणाले.
पाइप गंजतो तो गपगुमान. त्याला राग येत नाही.
तुम्ही सांगताय ही भाऊबंदकी झाली,
आपलंच रक्त आपल्याच घरावर उठलेलं.
पुढच्या रुग्णापासून मॅडम भाऊबंदकीच सांगू लागल्या.

मानेला जेल लावून प्रोब टेकवला,
आवाज मोठा केला. हुश्श, हुश्श.
काकांनी डोळे मिटले.
रात्री दोनला रस्ता निजला की, म्हणाले,
सळईचं एक टोक जमिनीवर, एक कानाला.
गळती बोलते. शुक्रवार पेठेत तर चक्क कण्हायची.
मग बराच वेळ ऐकत राहिले स्वतःला.
गळती नाही. पण कुठंतरी
चावी अर्धीच फिरलीय.
पडद्यावरचा आकडा मी त्यांना सांगितला नाही.

तिसऱ्या भेटीत बाटली मोजली.
सहा उरायला हव्या होत्या. एकही नव्हती.
जास्त घेतल्यात? माझा आवाज चढला;
आजोळी कळलावी कुंपणाला असायची
आणि वासरू तिच्यापासून लांब बांधलेलं.
काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.
मंडळींचे गुडघे सुजलेत. सहा तिला दिल्या.
फुकटचं एकट्यानं कसं खायचं?
आणि मग, हळूच: उतार पडला तिला.

साखरेनंही पडला असेल.
मंडळींना रिक्षाने बोलावलं, रक्त काढलं,
रिपोर्ट येईपर्यंत दोन रात्री माझा डोळा लागला नाही.
सगळं ठीक निघालं.
नियमभंगाच्या पानावर लिहिलं: सहा गोळ्या, पत्नीस.
‘एकट्यानं कसं खायचं’ याला रकाना नव्हता,
मी समासात लिहिलं, मग खोडलं.

जाताना दारात थांबले.
आमची बाटली खरी का खोटी, ते कधी कळणार?
दोन वर्षांनी. यादी कपाटात बंद आहे.
आणि चावी?
आमच्यापैकी कुणाकडेच नाही.
पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.
बरोबर आहे, म्हणाले.
ज्याच्या नळाला पाणी यायचंय
त्याच्या हातात चावी द्यायची नसते.

रविवारी तळजाईवर गेले होते.
पायवाटेच्या कडेला, घाणेरीत गुंतून
कळलावी फुललेली, पाकळ्या उलट्या, पिवळ्यातून लाल होत.
वाकून पाहिलं.
हात खिशातच ठेवले.