खुळखुळा वाजेपर्यंत

लिहायचं लिओमिन्स्टर आणि म्हणायचं लेमस्टर,
हे कळायला मला वर्ष लागलं.
गवत कापायला मात्र अर्ध्या दिवसात शिकलो.
पिवळं जॅकेट, कानांवर मफ,
आणि कौन्सिलचा कागद:
आठवडा एकोणीस, ल्युस्टन रस्ता, दोन्ही कडा, चार इंच.

मेच्या दुसऱ्या सोमवारी
मिसेस प्रॉसर मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.
वय ऐंशीच्या पुढे. हातात काठी नव्हती,
वाळकी काडी होती, गेल्या उन्हाळ्यातली,
बरणीत जपून ठेवलेली.
मी इंजिन बंद केलं, मफ काढले.
त्यांनी काडी माझ्या कानाशी हलवली.

खुळखुळ.

अहो, हा तर खुळखुळा!
आमच्या माळावरचा वेगळा, तागाच्या भावकीतला,
फुगीर शेंगा. गणिताच्या तासाला
बाकाखाली वाजवून मी छड्या खाल्ल्यात.
त्या म्हणाल्या, रॅटल. मी म्हणालो, खुळखुळा.
त्यांना ख जमला नाही, मला त्यांचा र.
ओळख तेवढ्यावर पटली.

मग गवतात फतकल मारून त्यांनी सांगितलं
की हा चोर आहे.
मातीखाली गवताच्या मुळाला तोंड लावून पितो.
माजलेलं गवत त्यानं जरा वठणीवर येतं
आणि मधे बोटभर उजेड उतरतो.
त्या बोटभरात बाकीची सगळी येतात,
पिवळी, जांभळी, पांढऱ्या पाकळ्यांची.
(त्यांची नावं मी अजून पाठ करतोय.)
आणि बी? बी एकच हिवाळा काढतं.
जमिनीत साठा नाही, शिल्लक नाही,
हातावर पोट.
हातावर पोट हे माझं.
त्या नुसत्या "एक वर्ष" म्हणाल्या
आणि एक बोट वर धरलं.
पिकायच्या आत कापला, की या कडेवरून गेला.

मी सहा वर्षं हे मशीन चालवतोय.
सहा मे महिने.
कडा तासून झाली की मोटारवाले हात करायचे,
मला बरं वाटायचं.

बुटाजवळून एक जाडजूड भुंगी गेली,
राणी, एकटीच,
अख्खं घरदार अजून पोटात घेऊन.
या फुलावरून त्या फुलावर,
मधे नांगरलेलं शेत, मग टेस्कोचा पार्किंग लॉट,
मग पुन्हा आमची ही हातभर रुंद कडा.
तिला कुठला आठवडा एकोणीस.

त्या दिवशी मी फक्त वळण कापलं,
जिथे समोरची गाडी दिसायला हवी.
बाकी कागदावर लिहिलं: मशीन बिघडलं.
खोटं क्लाइवने दोन दिवसांत पकडलं.
लेखी समज मिळाली, इंग्रजीत, सौम्य शब्दांत.
तक्रारीही तीन आल्या. एकीत शब्द होता, "गबाळं".
क्लाइव म्हणाला, जुलैपर्यंत तुझं गबाळं तू सांभाळ.

जूनमध्ये मिसेस प्रॉसर पडल्या.
खुब्याचं ऑपरेशन, मग लडलोला मुलीकडे.
मी कामावरून परतताना रोज थांबायचो,
एक काडी हलवून बघायचो.
ओली. मुकी.
पुन्हा दुसऱ्या दिवशी.
येणाजाणारे बघत, आणि मी कान लावून.

जुलैच्या तेविसाव्या संध्याकाळी वाजला.

लगेच फोन लावला, काडी फोनपाशी धरली.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
टीव्हीचा आवाज, कुणाचातरी चमचा.
मग त्या म्हणाल्या, हं. आता काप.
आणि गवत तीन दिवस तिथेच पडू दे,
मगच उचल. घाई केलीस तर बघ.

तीन दिवसांनी दाताळ्याने ओढून उचललं.
रात्री पँट धुवायला टाकताना
दुमडीतून बी सांडलं,
चपटं, कागदासारखं, नखाएवढंही नाही.
वॉशिंग मशीनखाली गेलेली तीनचार
काटकुळीने पुढे ओढून घेतली.
बायको म्हणाली, काय हरवलं?
सकाळी डब्याच्या पिशवीतून
परत नेऊन टाकली.